होना

मायचं गाव डोंगरगडच्या पलीकडे,
बापाचं काझीपेठच्या अलीकडे.
मधे नागपूर आलं.

अजनीच्या लोको शेडमागे क्वार्टरं उठत होती तेव्हा
ती डोक्यावर विटा वाहायची, एका खेपेला बारा,
आणि तो दुपारचा डबा खायला
तिथल्याच नळाच्या कठड्यावर बसायचा.
त्याची तेलुगू तिला कळेना,
तिची छत्तीसगढी त्याला.
त्याने पाणी पुढे केलं अन् विचारलं,
“पानी होना क्या?”

हे मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं.
तिच्या सांगण्यात पेला पितळेचा होता,
त्याच्या सांगण्यात डालड्याचा डबा.
वाक्य मात्र तेच.

ते वाक्य तरी त्याचं कुठे होतं?
शेडमधल्या फटिंग मेस्त्रीकडून त्याने उचललेलं,
मेस्त्रीने इतवारीतल्या हमालांकडून,
हमालांनी कोणाकडून, ते हमालांनाही ठाऊक नसणार.
इथे पडूनच होतं ते,
ज्याला लागेल त्याने उचलावं असं.

त्या एका शब्दावर त्यांनी संसार मांडला.
मिर्ची होना. भाडे को पैसा होना.
“मेरेको बेटा होना,” बाप म्हणाला होता,
झाले मी, आणि शेडभर पेढे वाटून
तो म्हणाला, यही होना था.

भांडताना मात्र दोघं आपापल्या गावी जायचे.
ती तिकडून टोपलीभर ओतायची,
तो इकडून.
कळत नसल्यामुळे कोणालाच लागायचं नाही.
मग कधीतरी भूक लागायची,
आणि दोघांतलं एक नागपूरला परत यायचं:
“भात होना?”

माझी मराठी शेजारच्या मोहाडीकर काकूंच्या ओट्यावरची,
जाऊन राहिली, येऊन राहिली करत आलेली.
हिंदी शाळेतली.
पाचवीत बाईंनी निबंधातला ‘होना’ लाल शाईने खोडला,
वर लिहिलं, चाहिए.
आणि समासात, बारीक अक्षरात:
होना म्हणजे असणे.

त्याच संध्याकाळी मी मायला दुरुस्त केलं.
“होना नही माय, चाहिए.”
“चाहिए,” ती म्हणाली,
पाहुण्यांच्या कपात चहा प्यावा तशी, जपून.
मग तव्यावरचा चिला उलटत,
“कितने चाहिए होना तेरेको?”

बाप गेला त्याला आता पाचवा महिना.
पेन्शनच्या खिडकीशी आम्ही अकरापासून उभ्या.
आत बिस्वालबाबू, ओडिशाकडचे,
नातवंडं असावीत इतक्या वयाचे.
नाव विचारलं, अंगठा घेतला, शिक्का मारला.
मातृभाषेचा रकाना मी रिकामाच सोडला होता,
त्यांनीही तो सोडून दिला.
ती तरी हलेना, तेव्हा म्हणाले,
“और क्या होना, माई?”

फाइल उघडीच होती.
वरच्या कोपऱ्यात दोघांचा जोडफोटो, स्टेपल मारलेला,
बापाच्या शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.
मायने काचेखालून हात आत घातला,
त्याच्यावर बोट ठेवलं.
“ये होना.”

मागे रांगेत कोणीतरी घड्याळ बघितलं.
बाबूंना वाटलं, फोटो मागते आहे.
“ये तो फाइल में रहना पडता माई,
रुको, झेरॉक्स देता.”
आणि खुर्ची सरकवून उठले बिचारे.

चाहिए माझ्या जिभेवर येऊन बसला होता.
मी काही बोलले नाही.
समासातली ती बारीक ओळ आठवली.
बाई तशा बरोबरच होत्या.

झेरॉक्स काळी आली.
मायचे डोळे दिसत होते, बापाचे नाही.
तिने कागदाची चौघडी केली,
रुमालात बांधली, रुमाल कमरेला खोचला,
आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाली,
“चल. ऑटो होना.”